गॅरेजमधली ओल

मिस्त्रींनी कोब्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद सोलून काढला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. एप्रिल संपत आला होता. लातूरच्या उन्हात वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक होत होती, आणि आमच्या गॅरेजची जमीन मात्र खालून पाणी सोडत होती.

"ताई, हितं आत्ता काम करू नका," ते म्हणाले. "खाली ओल हाय. आज इपॉक्सी मारली की दोन महिन्यांत फुगून वर येईल. मग मला नावं ठेवताल."

मिस्त्री औशाचे, पन्नाशीचे. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या जमिनी करून त्यांचा हात बसलेला. घरगुती काम ते सहसा घेत नसत, माझ्या बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने आले होते. आदल्या दिवशी त्यांनी कोबा झाडून त्यावर हा चौकोनी कागद चारी बाजूंनी टेपने बंद करून लावला होता आणि उद्या ह्याच वेळेला बघू म्हणाले होते.

जमिनीला रंगासारखा इपॉक्सीचा गुळगुळीत लेप द्यायची हौस माझी. वर्षभरापूर्वी नांदेडहून बदली होऊन मी आईवडिलांकडे राहायला आले, गाडी घेतली आणि घराच्या बाजूच्या शेडमध्ये लावायला लागले. तिथला कोबा सारखा भुगा सोडायचा. ती राखाडी पूड चाकांबरोबर ओट्यावर आणि ओट्यावरून घरात यायची. माय दिवसातून तीनदा झाडायची, तेही डाव्या हाताने. तिचं उजवं मनगट एकदा मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळलं. एकदा नीट लेप देऊन टाकला की ओल्या फडक्याने पुसलं तरी लख्ख होईल, असा माझा हिशेब.

"ह्याच्या खाली काय हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"सेप्टिकची टाकी."

हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नांदेडला एकटी राहत असताना मला कावीळ झाली होती आणि माय दोन महिने माझ्याजवळ येऊन राहिली होती. तेवढ्यात इकडे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोकळ्या जागेत खड्डा खणून टाकी बांधली, वर स्लॅब टाकला, कोबा केला आणि पत्र्याची शेड उभी केली. जुनी सेप्टिक भरली म्हणून नवी केली, असं त्यांनी आम्हाला सांगितलं आणि गल्लीलाही.

मिस्त्री हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकत चालले. कोपऱ्यात एके ठिकाणी आवाज बदलला. तिथे सिमेंटचा रंग थोडा काळपट होता, दोन फुटांचा चौकोन नीट दिसत होता.

"झाकण बुजवलंय," ते म्हणाले. "सेप्टिकचं झाकण कोण बुजवतं, ताई? उपसायचं कसं? आणि संडासाची लाईन तर मी मघाशी मागच्या बोळात जाताना बघितली."

तेवढ्यात अण्णा दारात आले. पंच्याहत्तरी ओलांडलेले, धुतलेला पायजमा, वर इस्त्रीचा सदरा. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात.

"त्याला हात लावू नका," ते म्हणाले. "घाण हाय खाली."

"गुरुजी, गळत असंल तर बघावं लागंल. मी वर काय बी मारलं तरी टिकणार न्हाई."

"मग मारू नका. कोबाच ऱ्हाऊ द्या."

अण्णा कधी कुणाचं काम अडवणारे नव्हते. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. मी म्हणाले, "अण्णा, गळत असेल तर पायाला धोका आहे. बघू तर द्या." ते आत गेले नाहीत, दाराची चौकट धरून उभे राहिले.

मिस्त्रींनी छिन्नी लावली. अर्ध्या तासात सिमेंट फुटलं आणि खालचं गंजलेलं लोखंडी झाकण दिसलं. पहारीने ते उचकटताना त्यांनी मला मागे सरकायला सांगितलं, बंद टाकीतली हवा वाईट असते म्हणून. मी पदर नाकाला लावला आणि वासाची वाट बघत राहिले.

वास आलाच नाही. नुसता गारवा आला, माठाचं तोंड उघडल्यावर येतो तसा.

मिस्त्रींनी लांबूनच मोबाईलचा उजेड आत टाकला. खाली पाणी होतं. काळं नाही, गढूळ नाही. उजेड तळापर्यंत पोचत होता. त्यांनी बांबू सोडला, वर काढला आणि ओल्या भागावर अंगठा ठेवून माझ्याकडे बघितलं. बांबू त्यांच्या छातीएवढा भिजला होता.

"हे प्यायचं पाणी हाय," ते हळू म्हणाले.

मी अण्णांकडे वळले. त्यांनी मान खाली घातली होती. मी तिथेच इपॉक्सीच्या बंद डब्यावर बसले. डोक्यात काहीच जुळत नव्हतं, आणि जे जुळत होतं ते मला नको होतं.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच्या आदल्या हिवाळ्यात ही टाकी झाली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांतून एकदा टँकर यायचा आणि मारामारी व्हायची. शेवटी लोकांनीच अण्णांना पुढे केलं. गुरुजी सांगतील तसं. अण्णा छत्री घेऊन टँकरच्या तोंडाशी उभे राहायचे. म्हातारी माणसं आधी, लेकुरवाळ्या बाया नंतर, मग बाकीचे. आणि आमचं घर दर वेळी सगळ्यांत शेवटी. त्यांचा तो नियमच होता. मी दर शनिवारी नांदेडहून एसटीने पाण्याचे दोन कॅन घेऊन यायचे. कंडक्टर कुरकुर करायचा, मी कॅन पायांत धरून बसायचे. अण्णा स्टँडवर घ्यायला यायचे आणि घरी येताच त्यातला एक कॅन समोरच्या काकूंकडे नेऊन द्यायचे. मला केवढा अभिमान वाटायचा. बँकेत मी सगळ्यांना सांगायचे, आमचे वडील असे आहेत.

शेवटी नंबर लागायचा म्हणूनच माय पडली. सगळ्यांचं भरून झालं होतं, टँकरखाली चिखल झाला होता, नळीतून शेवटची धार येत होती. कमरेवर घागर घेऊन वळताना तिचा पाय सरकला आणि हात खाली सापडला. दीड महिना प्लास्टर. ती पडली तिथून ही टाकी वीस पावलांवर.

"तेव्हा भरलेली होती?" मी विचारलं.

अण्णांनी मान डोलावली.

मिस्त्री समजूतदार माणूस. चहा पिऊन येतो म्हणाले आणि गल्लीच्या तोंडाशी निघून गेले.

अण्णा आत येऊन भिंतीला टेकले. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"बोअर आटायलं होतं. मला दिसत होतं पुढं काय येणार ते. एका ओळखीच्याच्या विहिरीचं पाणी आणून भरलं. टाकी म्हणलं असतं तर लोक मागायला आले असते, म्हणून सेप्टिक म्हणलो. तेवढंच खोटं बोलायचं होतं मला."

"मग काढलं का नाही?"

"रोज वाटायचं, आजचा दिवस निघतोय. उद्या याच्यापेक्षा वाईट येईल, तवा लागंल. शेवटचं पाणी हाय हे. आणि मग लोकांनी मला तिथं उभं केलं, छत्री घेऊन. त्याच्यानंतर कसं काढू? कुठून आणलं म्हणून सांगू?"

"माय पडली तेव्हा?"

त्यांनी फुटलेल्या सिमेंटचा तुकडा पायाने बाजूला सारला.

"त्या दिवशी काढणारच होतो. दवाखान्यातून आलो तर घरात सगळी गल्ली. प्रत्येक घरून एक-एक घागर आणून ठेवलेली, गुरुजींच्या बाईसाठी म्हणून. समोरच्या काकू तर महिनाभर रोज एक देत होत्या. ते पाणी घेतलं मी. घेतल्यावर मग झाकण उघडायची हिंमतच झाली न्हाई. पाऊस पडला, तवा बुजवून टाकलं."

मागून भांड्याचा आवाज आला म्हणून मी वळून बघितलं. माय ओट्यावर उभी होती. मेथी निवडत बसली होती ती, जुड्या तशाच टाकून आली होती. कधीपासून उभी होती मला माहीत नाही. ती आमच्या दोघांच्या मधून चालत टाकीपाशी गेली आणि वाकली.

"दोरी दे," ती मला म्हणाली.

मी दोरी आणि छोटी बादली दिली. ती डाव्या हाताने बादली सोडू लागली, उजव्या कोपराने दोरी अंगाशी दाबून धरत. मी मदतीला पुढे झाले तर तिने नको म्हणून मान हलवली. बादली वर आली. तिने पाण्यात बोटं बुडवली आणि चोळून बघितली.

"काठोकाठ होती?" तिने विचारलं. अण्णांकडे बघून नाही, बादलीकडे बघून.

"हाव," अण्णा म्हणाले.

"बरं," माय म्हणाली, आणि बादली तिथेच ठेवून आत गेली. मेथी निवडून झाली, भाजी झाली, भाकरी झाल्या. ती रडली नाही, ओरडली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तर म्हणाली, "तू कॅन आणायचीस ते आठवलं. खांद्याला वळ पडायचे तुझ्या." बाकी काही नाही.

त्या दिवसापासून तिने अण्णांशी बोलणं सोडलं असं नाही. जेवायला वाढलंय, औषध घ्या, कुणी आलंय, एवढं बोलायची. आधी त्या दोघांचं सकाळी चहाबरोबर तासभर चालायचं, गल्लीतल्या सगळ्यांबद्दल. ते बंद झालं. आणि मी, चाळिशी ओलांडलेली बाई, सकाळी आरशापुढे केस विंचरता विंचरता थांबायचे आणि मला त्यांची छत्री दिसायची. राग येत होता असं म्हणवत नाही. मी नुसती गांगरले होते. ज्या माणसाला मी ओळखत होते तो त्या घरात होता, आणि नव्हता.

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी मोटर लावून टाकी उपसली. पाणी पाईपने गल्लीतल्या झाडांना सोडलं. लोक दाराशी आले, एवढं पाणी कुठलं म्हणून. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते. अण्णा सदरा घालून बाहेर पडले आणि सरळ समोरच्या काकूंच्या ओट्यावर गेले. मी पाठोपाठ धावले. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला सांगितलं होतं त्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं.

काकू ऐकत राहिल्या. हातात ताटली होती, ती त्यांनी खाली ठेवली.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "त्या महिन्यात माझी सासू अंथरुणावर होती. तुमच्या घरी घागर द्यायची म्हणून मी तिला आंघोळ घालत नव्हते. ओल्या फडक्यानं तोंड तेवढं पुसायची. ती म्हणायची, अंगाला वास मारायलाय गं माझ्या. मी म्हणायची, गुरुजींच्या बाईचा हात मोडलाय, थांबा जरा."

अण्णांनी हात जोडले. काकूंनी त्या जोडलेल्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जावा घरी," त्या म्हणाल्या. "ऊन लागंल."

दार त्यांनी आपटलं नाही, सावकाश लोटलं. नंतर आणखी दोन घरी अण्णा गेले. एका घरी ते लोक हसले, झालं गेलं म्हणाले. दुसऱ्या घरी कुणी बसा म्हणालं नाही. काकू मायशी पूर्वीसारख्या बोलतात, पण आमच्या घराची पायरी त्या अजून चढलेल्या नाहीत.

टाकीचं काय करायचं हे मायने ठरवलं. मला वाटलं होतं ती मुरूम टाकून बुजवायला सांगेल. तिने मिस्त्रींना बोलावून सांगितलं, "तिला झाकण करा. दिसणारं. वर काय बी लावू नका त्याच्या. पत्र्यावरचं पाणी तिच्यात सोडायचं हाय."

मिस्त्रींनी टाकी आतून वाळवली, तिला ओल रोखणारा लेप दिला, झाकणाला स्टीलची चौकट बसवली. जमीन वाळायला मे महिना गेला. पुन्हा प्लास्टिकचा कागद लावला, तो कोरडा निघाला. मग त्यांनी मशीनने कोबा घासला, भेगा भरल्या, प्रायमर दिला. इपॉक्सीच्या दिवशी दोन डब्यांतलं मिश्रण एकत्र घोटलं आणि ओल्या लेपावर पाऊल उमटू नये म्हणून खिळ्यांचे बूट घालून मागच्या भिंतीपासून रोलर ओढत शटरकडे येत गेले. झाकणाभोवतीची कड त्यांनी गुडघ्यावर बसून ब्रशने भरली. राखाडी रंग पसरत गेला तसा त्यात पत्र्याचा उजेड दिसायला लागला. वास उग्र होता, आम्ही सगळी दारं उघडी टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री बघायला आले. मी त्यांच्याबरोबर शटरपाशी उभी होते. अण्णा घरातून आले. चपला हातात घेतल्या होत्या.

"चालू का ह्याच्यावर?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी कडेला बोट टेकवून बघितलं. "अजून एक दिवस, गुरुजी. गाडीला आठ दिवस लागतील."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि ओट्यावरच्या खुर्चीत जाऊन बसले. चपला त्यांच्या मांडीवरच होत्या.

आतून मायने मला हाक मारली. ताटं घेतली होती तिने. मी हात धुऊन पाटावर बसले. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली, भाजी वाढली, आणि वाढता वाढता थांबून दाराकडे बघितलं.

"त्यान्ला बी बोलाव," ती म्हणाली.