खंडेनवमीचा कीबोर्ड

दुकानदार स्वतःहून महाग वस्तू पुढे करायला लागला की मी सावध होते. निजामपुऱ्यातल्या त्या दुकानदाराने उलटंच केलं. मी मेकॅनिकल कीबोर्ड मागितला आणि त्याने काउंटरवर साधा ठेवला. त्यामुळे मला दुप्पट सावध व्हावं लागलं.

“आ ज लई जाव, बेन,” तो म्हणाला. “बधा आ ज लई जाय छे. पेलो तो गेम रमवावाळा लई जाय. खटखट बहु करे.”

मी त्याला गुजरातीतच सांगितलं की मला खेळायचं नाही, वकिलांचे कागद टाइप करायचे आहेत.

“तो तो आ ज बराबर.”

दोनपैकी महाग वस्तू विकायची नाही म्हणतो, म्हणजे साध्या कीबोर्डांचा गठ्ठा याच्याकडे पडून राहिलेला असणार, असं मी मनात धरलं.

मी घरी बसून टाइपिंग करते. कारेलीबागेत आमचा फ्लॅट आहे, त्यातल्या आतल्या खोलीत खिडकीशी माझं टेबल. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांची वाटणीपत्रं, मृत्युपत्रं मराठीत लिहिलेली असतात आणि घर विकायची वेळ आली की ती गुजरातीत लागतात. ती वाचायची, भाषांतर करायचं, स्वच्छ टाइप करून द्यायचं, हे माझं काम. त्यातलं बहुतेक सुभानपुऱ्यातल्या एका वकीलसाहेबांकडून येतं. त्या वर्षी मी त्यांना दोनदा उशिरा कागद दिले होते आणि दोन्ही वेळा ते काही बोलले नव्हते. न बोलणारा वकील हे काही चांगलं लक्षण नव्हे.

उशीर व्हायचा तो बोटांमुळे. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं सकाळी सुजलेली असायची. मी इंग्रजी टाइपरायटरवर शिकले, आणि गुजरातीही त्याच कळांवर टाइप करते. आमच्या क्लासच्या बाई हातांवर रुमाल पसरायच्या, म्हणजे अक्षरांकडे बघता येऊ नये. अक्षर फिकट उमटलं की पान पुन्हा करायला लावायच्या. त्यामुळे मी बघत नाही आणि जोरात मारते. साध्या कीबोर्डात कळांच्या खाली रबराचा एक पडदा असतो. कळ पार तळाला टेकल्याशिवाय अक्षर उठलं की नाही ते बोटाला कळत नाही. शिळा ढोकळा दाबत बसल्यासारखं वाटतं. दिवसभर असा तळ शोधला की बोटांचं दुसरं काय होणार?

मेकॅनिकल हा शब्द माझ्या डोक्यात नवऱ्याने घातला.

“अगं, त्यात प्रत्येक कळेला वेगळी स्प्रिंग असते. अर्ध्यातच अक्षर उठतं आणि टक् वाजून तसं सांगतं.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“वाचलं.”

“कुठे?”

“मोबाइलवर.”

तिथे माझी चौकशी संपली. ह्याच मोबाइलवर वाचून त्याने स्वतःला धार लावून घेणारी सुरी मागवली होती. तिने आता केळंसुद्धा चिरलं जात नाही.

“आणि वर स्वस्तातला मेकॅनिकल म्हणता,” मी म्हटलं. “चांगला असेल तर स्वस्त कसा?”

“माझ्या स्थळाबद्दलही तू असंच काहीतरी विचारलं होतंस म्हणे.”

“त्याचाही तपास अजून चालू आहे.”

तर निजामपुऱ्यात मी दोन्ही कीबोर्ड शेजारी शेजारी ठेवायला लावले. डोळे मिटले आणि क्लासमधली सरावाची ओळ आधी साध्यावर मारली, मग मेकॅनिकलवर. दुसऱ्यावर बोटाखाली प्रत्येक अक्षर जिथे उठत होतं, तिथेच टक् असा आवाज येत होता. तळापर्यंत जायची गरजच नव्हती. टाइपरायटरचा तो जुना करार पुन्हा हाताला लागला. तू मार, मी सांगते. डोळे उघडले तर कळांखाली लाल-निळे दिवे नाचत होते. ते मात्र संशयास्पदच होते. चांगल्या वस्तूला रोषणाई कशाला लागते?

किंमत साध्याच्या दुपटीहून थोडी जास्त, पण आवाक्यातली होती. मी घ्यायचं ठरवलं. दुकानदार आतून बंद खोकं घेऊन आला.

“खोकं नको,” मी म्हटलं. “हाच द्या, काउंटरवरचा.”

“बेन, आ तो डिस्प्लेनो छे!”

“म्हणूनच.” दाखवायचा एक आणि द्यायचा दुसरा, ही कला मला चादरींच्या सेलपासून ठाऊक आहे.

“पण खोखामां बीजो सामान आवे छे. चीपियो आवे, कळ काढवानो.”

कळा काढायचा चिमटा! घेतल्या दिवसापासून मोडायची तयारी, असा मी अर्थ लावला आणि चिमट्याशिवाय काउंटरवरचाच कीबोर्ड पिशवीत घालून आणला.

घरात त्याचं स्वागत सासूबाईंनी केलं. त्या बाहेरच्या खोलीत हिंडोळ्यावर झोके घेत बसलेल्या असतात, आणि आतल्या खोलीतलं सगळं त्यांना ऐकू येतं, फक्त औषधाची वेळ झाली हे सोडून.

“काय गं, आत घोडा दौडवतेस का?”

“नवा कीबोर्ड आहे, आई.”

“आधीचा बरा होता. तू घरात आहेस की नाही तेसुद्धा कळायचं नाही.”

घोड्याचा संबंध असा, की सासऱ्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत स्वार होते. त्यांची तलवार आमच्याकडे कपाटावर असते आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, खाली उतरते. नातवंडं-पतवंडं बँकेत आणि कारखान्यांत गेली, तरी सासूबाईंच्या लेखी हे शिलेदाराचंच घर आहे. तलवारीबरोबर हत्यार म्हणून जे जे घरात चालतं त्याची पूजा होते. नवऱ्याची स्कूटर, पाने-पक्कडीचा डबा, मिक्सर, विळी. इतकी वर्षं माझं टेबल त्या पूजेत कधी आलं नव्हतं. मीही कधी आठवण केली नाही.

सासूबाई त्या आवाजावर रोज काहीतरी बोलत राहिल्या. सकाळी घोडा, दुपारी गारा, संध्याकाळी शेजारच्यांचं लाटणं. मी काम करत राहिले, पण कीबोर्डावर नजर ठेवून. दिवे बंद करायची युक्ती सापडली, ते बंद केले. एखादी कळ दोनदा उठते का ते बघितलं. एकही कळ तसं करेना. काही आठवड्यांनी अंगठी सकाळीसुद्धा बोटात जायला लागली. तरी जुना कीबोर्ड मी भंगारात दिला नाही, माळ्यावर ठेवला. सुरुवातीला सगळेच नीट वागतात.

नवरात्रात वकीलसाहेबांचा फोन आला. एका मराठी कुटुंबाचं घर विकलं जात होतं, आणि घेणाऱ्याला सह्या दसऱ्याच्या मुहूर्तावर करायच्या होत्या. जुनं वाटणीपत्र, मृत्युपत्र, सगळं गुजरातीत हवं होतं.

“दशेराए सवारे जोईशे, बेन. मोडुं थाय एवुं होय तो अत्यारे ज कही दो. एक भाई मळ्या छे, मोढे बोले ने कम्प्यूटर लखी नाखे.”

म्हणजे त्या दोन उशिरांबद्दल आता बोलणं झालं होतं. तिसरा उशीर झाला तर माझं काम त्या तोंडाने बोलून कम्प्यूटरकडून लिहून घेणाऱ्या भाईकडे जाणार, हे त्याहून स्पष्ट कोणी सांगितलं नसतं. मी म्हटलं, सकाळी मिळेल.

नवमीपर्यंत बरंच उरकलं होतं. मृत्युपत्राची शेवटची पानं राहिली होती, ती त्या दिवशी सहज झाली असती. सकाळी मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले. परत आले तर टेबलावर कीबोर्ड नव्हता. तो बाहेर पाटावर होता, तलवारीच्या शेजारी. वायर गुंडाळून ठेवलेली, कळांवर हळद, ओलं कुंकू, मूठभर अक्षता, आणि सासूबाई फुलाने पाणी शिंपडत होत्या.

मी पिशवी खाली टाकून तो उचलला. वाकडा केला तर आतून तांदूळ खुळखुळले.

“अगं अगं! पुजलेलं हत्यार आहे ते. उद्या सीमोल्लंघन झाल्याशिवाय हलवायचं नाही!”

“आई, मला आज काम आहे. उद्या सकाळी कागद द्यायचेत.”

“मग कालपर्यंत काय करत होतीस?”

“टाइप करत होते. तुम्हीच ऐकत होतात.”

कीबोर्ड कोरडा पुसून मी जोडून बघितला. ओळीत ठिकठिकाणी अक्षरं गळायला लागली. काही कळा खाली जाईचनात, तांदळाचा दाणा आडवा होता. काही खाली गेल्या त्या कुंकवाने चिकटल्या. मी माळ्यावरचा जुना कीबोर्ड काढला आणि अर्धं पान मारलं. इतके दिवस हलक्या हाताची सवय झालेली, तर निम्मी अक्षरं उठेनात. जोर लावला तर बोटं ठणकायला लागली. ह्या गतीने संध्याकाळ सोडा, दुसरी सकाळही पुरली नसती.

मी बाहेर गेले आणि सरळ विचारलं, “आई, हे मुद्दाम केलंत का? आवाजासाठी?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. “मुद्दाम करायचं असतं तर शेजारी तलवार होती की.”

“मग इतक्या वर्षांत आजच का?”

“इतकी वर्षं तू आत बसून काय करतेस ते मला कुठे माहीत होतं? मला वाटायचं, सिनेमा बघतेस. आता दिवसभर ऐकते ना. एवढं वाजतं ते हत्यारच असणार.”

ते ऐकून बरं वाटून घ्यायलाही वेळ नव्हता. मी म्हटलं, “तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांना नवमीच्या दिवशी मोहिमेवर जायचा हुकूम आला असता तर? उद्या निघतो म्हणाले असते?”

त्यांनी हिंडोळा थांबवला. “नारळ फोडून उचलली असती,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच नारळ आणायला उठल्या.

कळा काढायच्या होत्या, आणि चिमटा त्या खोक्यात होता जे मी नाकारलं होतं. सुरीने काढायला गेले तर कळेला ओरखडा आला. सासूबाईंनी अंबाड्यातून तारेचा आकडा उपसला आणि पुढे केला. दोन पायांचा तो आकडा कळेच्या दोन बाजूंनी आत जातो, जरा वर ओढलं की कळ टपकन हातात येते. जणू त्यासाठीच केलेला. मग दुसरा आकडा त्यांनी स्वतः चालवला. एकेक कळ ताटात पडत गेली आणि खालून तांदूळ निघत गेले. खाली प्रत्येक कळेची स्प्रिंग वेगळी, सुटी होती. नवरा बरोबर सांगत होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. ओल्या फडक्याने कुंकू टिपलं, जुन्या टूथब्रशने कडा साफ केल्या. सासूबाई तलवारीचं तेल घेऊन आल्या, ते मी त्यांच्या हातातून काढून घेतलं.

मग ताटातल्या कळा परत लावायची वेळ आली आणि मी थांबले.

“लाव की,” सासूबाई म्हणाल्या.

“कुठली कुठे ते मला माहीत नाही.”

“रोज बडवतेस ना?”

“बघून नाही बडवत.”

खरंच माहीत नव्हतं. मधल्या ओळीची अक्षरं क्लासमध्ये घोकलेली, तेवढी लावली. बाकीची कुठे आहेत ते माझ्या बोटांना ठाऊक, मला नाही. त्या रुमालाची करामत. बघून लावायला जुना कीबोर्ड होता, पण त्यावरची अक्षरं माझ्या माऱ्याने कधीच पुसली गेली होती. शेवटी सासूबाई एकेक कळ वर धरून त्यावरच्या इंग्रजी अक्षराचं वर्णन करायला लागल्या. “हे बघ, उलटा त्रिशूळ.” “ही शेपटीवाली.” मी डोळे मिटून, त्या अक्षराचा एखादा शब्द हवेत टाइप करायची आणि बोट जिथे जाईल ती जागा दाखवायची. त्या कळ तिथे दाबून बसवायच्या. प्रत्येक ओळीच्या कळांची उंची थोडी वेगळी असते, त्यामुळे चुकीच्या ओळीत गेलेली बोटाला लगेच समजायची. नवरा दारात येऊन बघत राहिला.

“हे काय चाललंय?”

“पूजा,” सासूबाई म्हणाल्या. “चहा टाक तू.”

दुपारी मी कामाला बसले. एक कळ अडकत होती, ती पुन्हा काढून पुसली. संध्याकाळी सोसायटीत शेवटच्या गरब्याचे स्पीकर लागेपर्यंत मृत्युपत्र संपलं होतं. प्रत्येक पान मी दोनदा तपासलं, कारण धुतलेल्या कीबोर्डावर लगेच विश्वास टाकणारी मी नव्हे.

दसऱ्याच्या सकाळी स्कूटरवरून सुभानपुऱ्याला गेले. वकीलसाहेबांच्या टेबलावर फाफडा-जलेबी होती. त्यांनी हात पुसून कागद चाळले, मान हलवली आणि खणातून दुसरी फाइल काढली.

“आ पण लेता जाव.”

“पेला भाई?” त्या भाईचं काय झालं ते मी विचारलं.

“ए भाईनुं कम्प्यूटर मराठी नाम सांभळीने गूंचवाई जाय छे.”

मराठी नावं ऐकून गोंधळणाऱ्या त्या कम्प्यूटरचे मनात आभार मानून मी फाइल घेतली. उघडून, सगळी पानं आहेत ना ते मोजूनच घेतली.

आता आमच्याकडे चिमट्याच्या जागी टेबलाच्या खणात अंबाड्याचा एक आकडा असतो. पुढच्या खंडेनवमीला कीबोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीच पाटावर ठेवणार आहे, तेही कोरड्या कुंकवाच्या बोलीवर. जुना कीबोर्ड भंगारवाल्याला दिला. सासूबाईंची तक्रार मात्र संपली नाही, फक्त फिरली. मी भाषांतरात अडून जरा खिडकीबाहेर बघत बसले, की हिंडोळ्यावरून लगेच आवाज येतो.

“काय गं, घोडा का थांबला? झोपलीस की काय?”