कोपराची तीन टोकं

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नोव्हेंबरात एका संध्याकाळी शाळेतून घरी येताना मी सायकलवरून पडले आणि उजवं कोपर मोडलं. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. नाशिक रोडच्या दोन खोल्यांत मी, नवरा आणि पिंपळगावहून नुकत्याच राहायला आलेल्या सासूबाई, एवढेच.

पाच आठवड्यांनी प्लास्टर काढलं, तर हात काटकोनात अडकलेला. सरळ होईना आणि तोंडापर्यंतही पोचेना. जेवण डाव्या हातानं. वेणी सासूबाई घालायच्या. शाळेत फळ्यावर लिहायला गेले की हात वरपर्यंत पोचायचा नाही, मुलं गप्प व्हायची, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

डॉक्टरांनी व्यायामासाठी हॉस्पिटलातल्या एका बाईंकडे पाठवलं. वयानं त्या माझ्याहून लहान होत्या. हळूहळू वाकवणं, सोडणं, तळहात वर-खाली करणं त्यांनी शिकवलं आणि बजावलं, "तुमचं तुम्हीच हलवायचं. कुणाला ओढू द्यायचं नाही, चोळू तर मुळीच नाही."

सासूबाईंना हे पटलं नाही. "हाड सरकलंय गं. चोळल्याबिगर जागेवर कसं जाईल?" म्हणत त्या गरम तेल लावून कोपर दाबायच्या. मी कळवळायचे. माझ्याकडे बघून त्यांच्याही डोळ्यांना पाणी यायचं, पण हात थांबायचा नाही. चार दिवसांत कोपर टम्म सुजलं.

"कुणी चोळलं?" बाईंनी बघताक्षणी विचारलं.

"कुणी नाही. कणीक मळली जरा."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "उद्या घरातल्या मोठ्या बाईंना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सासूबाई पदर सावरत, बोलणी खायच्या तयारीनंच आल्या. बाईंनी त्यांना स्टूल दिलं. "मावशी, तुमचा हात द्या बरं." त्यांचं कोपर वाकवून बाईंनी त्यांच्याच दुसऱ्या हाताची तीन बोटं त्यावर ठेवली: दोन बाजूंच्या उंचवट्यांवर दोन आणि मागच्या टोकावर एक. "काय आकार झाला?"

"तिरकोन."

"आता हात सरळ करा."

सासूबाईंनी हात सरळ केला आणि थबकल्या. "अगं बया, एका रेघेत आली की तिन्ही!"

"हाड सरकलं असतं तर वाकवल्यावर असा त्रिकोण झाला नसता. आता सुनेचं कोपर बघा. हळूच हं."

सासूबाईंनी माझ्या कोपरावर बोटं टेकवली. पुन्हा एकदा चाचपून त्या म्हणाल्या, "हिचाबी तिरकोन हाय."

"हाडं जागेवर आहेत, मावशी. भोवतीचं आवरण आखडलंय. चोळलं की ते चिडतं, सुजतं, आणखी आखडतं."

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वाटलं, पोरीचा हात असाच राह्यचा."

त्या दिवसापासून तेलाची वाटी गेली आणि सासूबाई घड्याळ बघून मला व्यायामाला बसवू लागल्या. घास तोंडात घालायचा तर कोपर नुसतं वाकून भागत नाही, तळहातही आपल्याकडे वळावा लागतो. त्यासाठी मनगट ते कोपर या भागातलं एक हाड दुसऱ्यावरून फिरतं, असं बाईंनी सांगितलं होतं. सासूबाई माझ्या तळहातावर शेंगदाणे ठेवायच्या. "घाल तोंडात. घाई नाय."

फेब्रुवारीत एका दुपारी शेंगदाणा तोंडात पडला. मी चावायचीही विसरले. सासूबाई उठल्या, शेजारणीला हाक मारून आणलं आणि मला पुन्हा करून दाखवायला लावलं.

पुढच्या खेपेला सासूबाईंनी हॉस्पिटलात भावाच्या मळ्यातली द्राक्षं नेली. बाईंनी ती तिथल्या सगळ्या पेशंटांना वाटली, पण ज्याचा जो हात दुखरा त्याच हातानं घ्यायला लावली. एका आजोबांचा खांदा वर जाता जाईना. सासूबाई घड उंच धरून उभ्या राहिल्या, आजोबांनी एक मणी तोडेपर्यंत.

माझा हात पूर्ण सरळ कधीच झाला नाही. थोडा बाक राहिला. पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी फळ्याच्या वरच्या कडेपासून लिहायला सुरुवात केली. बाईंनी त्या दिवशी सासूबाईंना रागावून परत पाठवलं असतं, तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.