दुधागत रगत

निजामाचं राज होतं तवाची गोष्ट. बायको जाऊन उभा जन्म झाला, म्या दुसरी केली न्हाय.

लग्नात ती काटकुळी होती. आमच्या गावी अणदूरला आल्यावर वरीसभरात तिचं तोंड फुगलं, पाय भरले. आई गल्लीभर सांगत सुटली, "सासर मानवलं बघा." सासरे भेटायला आले तवा म्या तिला उजेडात उभी करून दाखवली, बाजारात बैल दाखवावा तशी. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा, लवकर भरायचा न्हाय. ते आमाला दिसत होतं. पण भरलेलं माणूसबी आजारी असतंय, हे डोक्यात शिरलंच न्हाय.

मग ती ओकायला लागली. आई म्हणली, "अशक्तपणा हाय, तूप पाजा." रोज सकाळी वाटीभर कोमट तूप. "अवो, नगं, नरड्याशी येतंय," ती म्हणायची. म्या तिचं नाक दाबायचो. तोंड उघडलं की आई ओतायची. ओकली तर दुसरी वाटी.

"माजलीया, दुसरं काय," आई म्हणायची. म्या हासायचो.

लघवी आटली तवा बैलगाडीतनं धाराशिवला नेली. डॉक्टरनं तिचं रगत काढलं, काचेच्या नळीत घालून खिडकीत ठेवलं. लाल खाली बसलं. वर पांढरं आलं, दुधागत.

"ही चरबी," डॉक्टर म्हणाला. "गुर्दे बिघडले की रक्तात अशी चढते."

"तुपानं झालं का सायेब?"

"नाही. गुर्दे आधीच गेले होते. तुम्ही वरनं तूप ओतलं. आता तूप बंद, मीठ बंद."

"बरी व्हईल का?"

तो नळीकडंच बघत म्हणाला, "घरी न्या."

तुपातनं ती सुटली. आता तिला मिरचीचा ठेचा पायजे होता. "बोटभर द्या वो, तोंडाला चव न्हाय." म्या मीठ रांजणामागं लपवलं. ती जगत न्हाय हे मला कळलं होतं. तरी वाटायचं, येवढं पथ्य पाळलं तर वाचंल. आई तिच्याम्होरं बसून ठेचा-भाकर खायची आन म्हणायची, "तुला चालत न्हाय बाई."

सातव्या दिवशी तिनं मागायचं सोडलं. म्या आईला म्हणलो, "बघ, आता ऐकती."

ऐकत न्हवती. शुद्ध गेली होती. दिवस कलायच्या आत गेली.