गिरिजाच्या यंत्रातली चूक

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. तिला गिरिजा आवडायची, म्हणून तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय – कारण तुम्ही तिला ओळखत नाही. मलाही नाही.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. बंगळूरला तारायंत्रांच्या एका प्रयोगशाळेत मी सुपरवायझर होतो. आम्ही चार पिढ्यांचे बंगळूरकर, चिकपेटेत शिवणकामाचं दुकान; घरात मराठी, तीही अर्धी कन्नडात भिजलेली. शिंप्याचा मुलगा डिप्लोमा करून साहेबाच्या हाताखाली लागला, याचं गल्लीत केवढं कौतुक! आठ वर्षं झाली होती मला तिथं. आणि मग गिरिजा हुक्केरी आली – चिकोडीकडची, इंजिनीअरिंगची पदवी घेतलेली, चोवीस वर्षांची.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "तुम्हाला अण्णा म्हटलं तर चालेल ना? इथं मराठी बोलणारे तुम्ही एकटेच." चालेल म्हणालो. आवडलंही – खोटं कशाला बोलू? रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायला लागली.

तिच्या डोक्यात एक कल्पना होती. तेव्हा टेलिप्रिंटरची लाइन तुटली की निरोप तिथंच तुंबायचे. माणसानं निरोपाची भोकं पाडलेली कागदी फीत उचलून दुसऱ्या यंत्रावर लावायची. गिरिजा म्हणायची, निरोपानं आपली वाट आपण शोधावी. म्हैसूरची लाइन बंद? मग हासनवरून फिरून म्हैसूरला पोचावं, आणि हे यंत्रानंच ठरवावं. आज तुम्हाला यात काय नवल? तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. साहेब हसले नाहीत.

तिथंच मला ते लागलं. माझा एक अहवाल दोन वर्षं साहेबांच्या खणात पडून होता. तिचा कागद त्यांनी उभ्या उभ्या वाचला, आणि खुर्ची ओढून तिला म्हणाले, बसा. मला कधी बस म्हणाले होते? आठ वर्षांत? घरी आई म्हणायची, "पोरगी किती हुशार बघ!" – आणि मी ताटातला भात चिवडत राहायचो. मत्सरानं माणूस जळतो म्हणतात. मी जळलोबिळलो नाही. मी तिच्याशी जास्तच गोड बोलायला लागलो.

वर्षभरानं यंत्र उभं राहिलं. माणसाएवढा रॅक आणि त्याला जोडलेले तीन टेलिप्रिंटर, प्रत्येकावर एकेका गावाची चिठ्ठी. दिल्लीहून मंडळी बघायला येणार होती. जोडण्या तपासायचं काम माझं. आदल्या दिवशी तपासताना एका तारेचा डाग, म्हणजे सांधा, कच्चा दिसला – तार झाळलीच गेली नव्हती नीट, नुसती टेकून होती. बोट लावलं, हलली. दोन मिनिटांचं काम होतं हो ते. मी – मी तपासणीच्या कागदावर 'ठीक' लिहिलं. खाली सही केली.

मी काही तोडलं नाही. हे वाक्य मी स्वतःला किती वर्षं ऐकवलं असेल?

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर गिरिजानं म्हैसूरची लाइन स्वतःच्या हातानं काढली. आता निरोप फिरून यायला हवा. यंत्र गप्प. तिनं पुन्हा कळ दाबली. गप्पच. एका पाहुण्यानं घड्याळ बघितलं. ती माझ्याकडे वळली.

"अण्णा, जोडण्या सगळ्या बघितल्यात ना?"

"बघितल्या की. सगळं सरी आहे, ठीक आहे."

साहेबांचा चेहरा उतरला होता. आणि मला – बरं वाटलं.

साहेब पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले, गिरिजा तोंड धुवायला गेली. तेवढ्यात मी तो डाग पक्का करून टाकला. कुणाला सापडू नये म्हणून. दुपारी तिनं यंत्र चालवलं, तर निरोप बिनचूक फिरून आला. पुन्हा आला. दर वेळी आला. साहेब म्हणाले, "लहर आली की चालणारं यंत्र घेणार कोण?" काम बंद पडलं. तिला माहितीपुस्तिका लिहायला बसवलं.

ती मात्र चूक शोधत राहिली. रोज जेवणाच्या सुट्टीत आराखडे पसरायचे, एकेक रेघ तपासायची. सात-आठ महिने. जी चूक नव्हतीच, ती सापडणार कशी? कधी मलाच शेजारी बसवायची. मी बसायचो. पेन्सिल टेकवून "इथं बघूया का?" असंही म्हणायचो.

शेवटी नोकरी सोडून ती परदेशी गेली. ते दशक संपता संपता तिचं पत्र आलं. लांबलांबचे संगणक एकमेकांना जोडायच्या कामावर तिला घेतलं होतं – तिचीच ती कल्पना, निरोपानं वाट शोधायची. जगात मोजकीच माणसं हे करत होती आणि त्यांत आमची गिरिजा होती. घरात सगळ्यांनी पत्र हाताळून पाहिलं. शेवटचा परिच्छेद मी कुणाला वाचून दाखवला नाही.

'इथले लोक विचारतात, एकेक गोष्ट चारचारदा का तपासतेस? त्या दिवशीची चूक अजून सापडलेली नाही; ती सापडेपर्यंत माझा माझ्यावर भरवसा बसायचा नाही. अण्णा, तुम्ही सगळं जवळून पाहिलंत. खरं सांगा, कुठं चुकलं माझं?'

तिला सगळं मिळालं होतं. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती. पंधरा दिवस मी पत्र खिशात घेऊन हिंडलो. मग उत्तर लिहिलं – आईची तब्येत, थोरल्या मुलीची शाळा. आणि शेवटी, सावकाश, सुवाच्य अक्षरात: 'मला वाटतं, मुळात तुझ्या आराखड्यातच काहीतरी कमी होतं.'

तिचं उत्तर लगेच आलं. लिहिलं होतं, 'स्पष्ट सांगितलंत, उपकार झाले. दुसरं कुणी सांगितलं नसतं.'

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.