बाईंचा डावा बूट

डोंगराच्या माथ्यावर पोचल्यावर लोक फोटो काढतात. आमच्या पीटीच्या बाई बूट काढायच्या. माथा हाकेच्या अंतरावर आला की एखाद्या दगडावर टेकायच्या, नाड्या सोडायच्या, मोजे घडी करून बुटात कोंबायच्या आणि ती जोडी उतरणीच्या वाटेकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवायच्या. मग अनवाणी वर. कळसूबाई असो, रतनगड असो, नाहीतर गावाबाहेरची बिननावाची टेकडी असो, यात फरक नाही. उन्हाळ्यात कातळ तापून पाय भाजत असले तरी नाही.

वर देऊळ असेल तर कुणालाही समजेल. पण जिथं शेंदूर फासलेला दगडसुद्धा नाही तिथंही आम्हाला बूट काढायला लावायच्या, म्हणून मी एकदा हुज्जत घातली. बाई शाळेत शुद्ध बोलायच्या, पण चढ लागला की त्यांची कर्जतकडची बोली वर यायची. म्हणाल्या, "डोंगर कुनाच्या मालकीचा न्हाई, पन कुनाचं तरी घर हाय. लोकाच्या घरात पायतान घालून जायचं नसतं. उगं डोकं चालवू नको, नाड्या सोड." नगरजवळच्या केडगावात पुणे रोडला माझं टायरचं दुकान आहे. रबर आणि त्याची पकड हा माझ्या पोटापाण्याचा विषय, आणि मी ज्यांना गुरू मानतो त्या बाई ऐन माथ्यावर रबर काढून ठेवणार. मी मुकाट्याने नाड्या सोडल्या.

आमचा ग्रूप म्हणजे बाईंचे जुने विद्यार्थी. शाळा सुटून कैक वर्षं झाली, पोटं सुटली, केस गेले, तरी रविवारी बाईंची शिट्टी वाजली की आम्ही रांगेत. रांगेचा नियम बाईंचा स्वतःचा होता. ज्याचा पाय सगळ्यात मंद तो पुढं, बाकीचे त्याच्या मागं आणि शेवटी बाई. त्यांचं म्हणणं असं की दमलेल्या माणसाला मागं ठेवलं की तो मागंच राहतो, आणि लाजेनं सांगतही नाही. लग्नानंतर माझं वजन असं काही वाढलं की चार पावसाळे मीच पुढं होतो. आमच्यातली शैला सिव्हिल हॉस्पिटलात नर्स आहे. ती मला "लीडरसाहेब" म्हणायची आणि सगळे खिदळायचे. बाई मात्र मागून शांतपणे चालत असायच्या, पुढच्या प्रत्येकाचा पाय कुठं पडतो ते बघत.

स्वतः त्यांनी कधी कुणाचा हात घेतला नाही. अवघड टप्प्यावर आपण वरून हात पुढे केला की म्हणायच्या, "हात नको, वाट दे." एकदा पावसात त्या घसरल्या, गुडघा फुटला, मी धावलो तर त्यांनी मलाच झापलं. रक्त पुसलं आणि उठल्या. बाईंनी लग्न केलं नव्हतं, शाळेच्या मैदानासमोरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. हात न मागण्याची सवय तिथूनच आली असावी, असं मला वाटतं. त्यांना हे म्हणायची माझी हिंमत कधी झाली नाही.

निवृत्त झाल्या त्या वर्षी बाईंनी जाहीर केलं की बर्फाचा डोंगर करायचा. पायाखालून हिमनदी जाते असा, खराखुरा. आम्हाला वाटलं बोलतील आणि विसरतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात आल्या आणि ट्रकचा जुना टायर मागितला. तो दोरानं कमरेला बांधून त्यांनी शाळेच्या मैदानावर फेऱ्या सुरू केल्या. साठीला आलेली बाई ट्रॅकपँट घालून टायर ओढतेय हे बघायला केडगावातले लोक दूध आणायच्या निमित्ताने थांबायचे. एका आजोबांनी मला विचारलं, बाईंना काही झालंय का. मी म्हटलं, व्हायचंय अजून.

हिमाचलात पोचलो. हिमनदी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बाई म्हणाल्या, "येवढं पानी हितं पडून हाय, आन् आमी कर्जतला टँकरची वाट बघतोय." आमचा गाइड तिकडचाच, कमी बोलणारा माणूस. त्यानं बर्फावर चालायचं शिकवलं. दोन थरांचे जाड प्लॅस्टिकचे बूट, त्यांच्याखाली बांधायचे लोखंडी काटे, सगळ्यांना जोडणारा एकच दोर. तंबूबाहेर असताना हातमोजे आणि बूट काढायचे नाहीत, हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. बाईंनी ते आमच्याकडून कवायतीसारखं म्हणून घेतलं. ज्याला येत नव्हतं त्याला दोनदा म्हणायला लावलं. म्हणजे नियम त्यांना माहीत नव्हता असं कुणी म्हणू नये.

शिखराच्या दिवशी अंधारातच निघालो आणि ऊन चांगलं वर आल्यावर माथा दिसला. हवा इतकी विरळ की एक पाऊल टाकायचं आणि उभं राहून दम घ्यायचा. डोक्यात विचार असा नव्हताच. माथा म्हणजे खळ्याएवढी सपाट जागा, एका बाजूला सरळ कडा. गाइड पुढे टोकाला जाऊन बर्फात कुदळ रोवत होता आणि वॉकीटॉकीवर खाली कळवत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. मी गुडघ्यावर बसलो, रडू येत होतं, आणि माझा हात आपोआप बुटाच्या नाडीकडे गेला. खरंच गेला. शैलाही वाकलेली होती. जाड हातमोज्यांत नाडी धरता येईना, तेवढ्यात थंडीचा चटका बसला आणि भान आलं की आपण कुठं आहोत. मी हसून मागं बघितलं, हे बाईंना सांगायला म्हणून.

बाई बर्फात अनवाणी उभ्या होत्या. हातमोजे काढून, काटे सोडून बाजूला ठेवलेले. बूट शेजारी शेजारी, उतरणीकडे तोंड करून, मोजे घडी करून आत. हात जोडलेले, डोळे मिटलेले. ते पांढरे पाय पांढऱ्या बर्फावर. ओरडायला तोंड उघडलं आणि नुसतीच वाफ आली.

गाइड वळला, त्यानं ते पाहिलं आणि तो धावला. त्याच्या धावण्यानं दोर ओढला गेला, बर्फावरून आडवा फिरला आणि बाईंच्या डाव्या बुटाला लागला. नुसता लागला. बूट आडवा झाला आणि हळूच घसरायला लागला. इतका हळू, की आता थांबेल असंच वाटत होतं. कडेपर्यंत गेला, क्षणभर अडला आणि दिसेनासा झाला. आवाजसुद्धा आला नाही. आपण काय पाहिलं तेच कळत नव्हतं.

बाईंनी डोळे उघडले होते. बूट होता त्या जागेकडे बघत त्या म्हणाल्या, "गेला."

गाइडनं त्यांना खाली बसवलं, उजव्या पायात बूट चढवला, डावा पाय स्वतःच्या जॅकेटच्या आत घेतला आणि आमच्याकडे बघून विचारलं, "आप लोगों ने रोका क्यों नहीं?" आमच्याही नाड्यांवर हात होते हे त्या माणसाला कुठल्या भाषेत सांगायचं? शैलानं जादा मोजे काढले, मी माझे वरचे हातमोजे काढून दिले, बसायच्या फोमचा तुकडा फाडून वर गुंडाळला आणि गाइडनं दोरीनं आवळून बांधलं. ते गाठोडं म्हणजे बाईंचा डावा बूट. त्याला काटे बांधता येणं शक्य नव्हतं. पुढं कोणी, मागं कोणी जायचं यावर गाइड विचार करत होता. तेव्हा बाई आमच्याकडे वळल्या. आवाज मैदानावरचाच होता.

"ज्याचा पाय मंद त्यो पुढं. आज मी पुढं ऱ्हानार."

त्या दिवशी पहिल्यांदा मी बाईंना पाठमोरं चालताना पाहिलं. गाइड मागून दोर ताणून धरायचा आणि त्या एकेक पाऊल चाचपत उतरायच्या. गाठोडं घसरायचं, बाई बसायच्या, पुन्हा उठायच्या. एकदाही वळून बघितलं नाही. मी मागून त्यांचा पाय कुठं पडतो ते बघत होतो. तंबूत शैलानं गाठोडं सोडलं. बोटं मेणासारखी पांढरी आणि टणक झाली होती. तिनं नखानं टिचकी मारली. बाईंना काही कळलं नाही. शैला इतक्या वर्षांची नर्स, पण बाहेर येऊन भडाभडा ओकली.

नगरला आणेपर्यंत बोटं काळी पडली होती. डाव्या पायाची पाचही काढावी लागली. बातमी पसरली तशी माणसं भेटायला यायला लागली, आणि कुणीतरी बाईंच्या भक्तीचं कौतुक सुरू केलं. डोंगराच्या देवाला पाय दिला वगैरे. बाई पलंगावर ताडकन उठून बसल्या. "भक्ती न्हाई अन् काय न्हाई," त्या म्हणाल्या. "डोकं बंद पडलं हुतं, सवय तेवढी चालू राह्यली. पोरांना ही चुकी म्हनून सांगा, गोष्ट म्हनून नगा सांगू." पाहुणा चहा न घेता गेला. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही, कारण ही गोष्ट मी आधीच दुकानात चार जणांना भक्ती म्हणूनच सांगितली होती.

पायाच्या तोलासाठी बोटं लागतात, हे आपल्याला बोटं असेपर्यंत कळत नाही. बाई पुन्हा उभं राहायला शिकल्या, काठी घेऊन मैदानाला फेरी मारायला लागल्या, पण एकटं राहणं जमेना. भावानं कर्जतला बोलावलं. जायच्या आधी त्यांनी एकच मागितलं, कळसूबाई. डॉक्टरांनी नको म्हटलं, शैलानं नको म्हटलं. मी गाडी काढली.

पायथ्याच्या बारी गावातून निघालो तेव्हा बाई पुढं होत्या. शिड्यांवर त्या दोन्ही हातांनी कठडा धरून चढायच्या आणि आम्ही मागं तासन्‌तास उभे. खाली उतरणारी कॉलेजची पोरं आमच्या रांगेकडे बघून हसली. त्यांना हसू दिलं. देवळाच्या अलीकडे बाई नेहमीच्या दगडावर टेकल्या. आम्ही सगळे बूट घालून तसेच उभे राहिलो. कुणीही वाकलं नाही. बाईंनी आमच्या पायांकडे बघितलं.

"काढा की," त्या म्हणाल्या. "हितं बर्फ न्हाई." मग डावा पाय माझ्यासमोर धरला. "माझा तेवढा तू काढ. मला वाकाया येत न्हाई."

बाईंनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली मदत. मी नाड्या सोडल्या. बुटात पुढच्या बाजूला कापडाची गुंडाळी भरलेली होती. मोजा काढला. तो पाय मी तेव्हा पहिल्यांदा उघडा पाहिला, आणि मला नीट बघता आला नाही. बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उठल्या. उजवा बूट मी उतरणीकडे तोंड करून नीट ठेवला. डावा हातातच राहिला.

"ठेव की खाली," बाई म्हणाल्या.

मी ऐकलं नाही. दर्शन घेतलं, प्रदक्षिणा झाली, सगळ्यांनी बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले, आणि खाली दगडापाशी येऊन परत त्यांच्या पायात घालेपर्यंत तो बूट मी काखेत घट्ट धरून होतो.