तीन वेळा गैरहजर

आमच्या कार्यालयात तिला सगळे मिनिटबाई म्हणत. डोंगरापलीकडच्या उपकेंद्रात ती परिचारिका होती. शहरातले तज्ज्ञ डॉक्टर पडद्यावरून दूरच्या रुग्णांना तपासतात, त्या खोलीची जबाबदारी तिच्याकडे होती. खोलीत एक टेबल, पडदा, कॅमेरा, रुग्णासाठी पाठ नसलेली खुर्ची आणि भिंतीवर आमची परिपत्रकं. वहीत मात्र सगळं असे. दहा चारला जोडणी, दहा अकराला आवाज गेला, दहा चौदाला डॉक्टर उठून गेले. इतकी नेटकी नोंद मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही, आणि वेळापत्रक विभागाचा मुख्य लिपिक म्हणून नोंदी पाहण्यातच माझी नोकरी संपत आली आहे.

मिनिटांचा हा नाद तिला वडिलांकडून आला होता. ते शाळेत शिपाई होते, घंटा देत. एकतीस वर्षांत एकही घंटा चुकली नाही, हे आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी सांगायचे.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार, त्यामुळे ती भरेना. मुलीने त्यांना पडद्यासमोर बसवलं. पंधरा मिनिटं पडद्यावर 'प्रतीक्षा करा' एवढंच दिसत राहिलं. मग यंत्राने आपोआप शेरा मारला, 'रुग्ण गैरहजर'. पुढच्या आठवड्यात तेच झालं, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. लागोपाठ तीन गैरहजेऱ्या झाल्या की यंत्र फाइल बंद करतं. नव्याने नोंदणी होऊन ते शहरात पोहोचेपर्यंत पाऊल कापण्यावाचून इलाज उरला नव्हता.

या यंत्रणेची आखणी आमच्या नियोजन अधिकाऱ्यांची. त्यांनी शेरे दोनच ठेवले होते, 'तपासणी पूर्ण' आणि 'रुग्ण गैरहजर'. डॉक्टरच आले नाहीत तर काय लिहायचं, असं मी आखणीच्या बैठकीत विचारलं होतं.

"डॉक्टर गैरहजर कसे असतील हो?" साहेब हसले होते. "ते तर नोकरीत आहेत!"

पाऊल गेलं त्याबद्दल म्हातारा फार बोलला नाही. पण शेरा ऐकून तो खवळला. "मी गैरहजर? तिन्ही वेळा दहा मिनिटं आधी येऊन बसलो होतो!" मुलगी कामावरून आली की रोज पहिला प्रश्न एकच, "खोडला का?"

तिने सात अर्ज केले. सातही साहेबांच्या एकाच वाक्यासह परत गेले. 'डॉक्टर अनुपस्थित असा रकाना नमुन्यात नाही.' वाक्य साहेबांचं होतं, अक्षर माझं. सातव्या वेळी ती स्वतःच येऊन उभी राहिली.

"सिस्टर, शेरा खोडून पाय परत उगवणार आहे का?" साहेब म्हणाले.

तिने घड्याळात पाहिलं, वहीत एक ओळ लिहिली आणि निघून गेली. तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, हे इथे संपलेलं नाही.

या वर्षी साहेबांना ही योजना आणखी चाळीस केंद्रांत न्यायची होती आणि तिचं प्रमुखपदही हवं होतं. त्यासाठी संचालकांना पडद्यावरून प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. नोंदी स्वच्छ म्हणून साहेबांनी मिनिटबाईचंच केंद्र निवडलं. वेळ केंद्राने सुचवायची, असा नियम. तिचं पत्र आलं, 'सोमवार, सकाळी अकरा.'

मी पेन खाली ठेवलं. सोमवारी अकराला संचालकांची साप्ताहिक बैठक असते, शहरातले डॉक्टरही तिथेच बसलेले असतात, आणि ती बाराच्या आत उठत नाही. साहेब सोमवारी कायम दौऱ्यावर, त्यांना हे ठाऊक नव्हतं. मिनिटबाईला पक्कं ठाऊक होतं. तिच्या वडिलांच्या तिन्ही वेळा सोमवारी अकराच्याच होत्या, आणि त्या वेळी शहरातून कुणी कधीच उचलत नाही, याचा तक्ता तिने अर्जांना जोडला होता. वेळ बदलून घेणं माझं काम होतं. मी बरोबरची खूण केली आणि पत्र पुढे पाठवलं.

सोमवारी कागद सांभाळायला मीही सोबत गेलो. साहेब नवा कोट घालून पाठ नसलेल्या खुर्चीवर बसले. 'प्रतीक्षा करा.' सव्वा अकराला पहिला शेरा पडला. त्यांनी पुन्हा जोडणी मागितली. अकरा एकतीसला दुसरा.

"सिस्टर, अहो, फोन लावा की तिकडे!"

"नाही लावता येत, साहेब." तिने भिंतीकडे बोट केलं. "केंद्राने शहरात परस्पर फोन करू नये. खाली सही तुमचीच आहे."

साहेबांनी मोबाइल काढला. रेंज नव्हती. ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते. स्वतः जावं तर तेवढ्यात संचालक पडद्यावर आले म्हणजे? मग मला पिटाळलं. "पळा!" माझे गुडघे कसे आहेत हे साहेबांना ठाऊक होतं. मी गेलो, पण माझ्याच चालीने. संचालकांचा सहायक फोनवर म्हणाला, "बैठक चालू आहे. आणि तुमचे साहेब तर इथे गैरहजर दिसतायत."

परतलो तेव्हा तिसरा शेरा पडला होता. खाली ओळ होती, 'प्रस्ताव बंद.'

साहेबांचा कोट पाठीवर भिजला होता. "तुमच्या वहीत आहे ना, मी बसलो होतो ते? लिहून द्या मला."

"देते. आधी हे."

तिने आठवा अर्ज पुढे केला. तीन तारखा, आणि खाली रिकामी जागा. "तुमच्या अक्षरात. रुग्ण हजर होता, डॉक्टर आले नाहीत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी परिपत्रक वाचत होतो. त्यांनी लिहिलं, सही केली.

तिने कागद मला दिला. "शिक्का?" माझ्या पिशवीत शिक्का होता. मी उमटवला. मग तिनेही वहीतून मिनिटामिनिटाचा उतारा काढून साहेबांना दिला. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

तो उतारा जोडून साहेबांनी संचालकांकडे दाद मागितली. अर्ज रीतसर माझ्याच टेबलावर आला. नमुना तपासून मी तो परत केला. 'संचालक अनुपस्थित असा रकाना नमुन्यात नाही.' या वेळी वाक्यही माझंच होतं.

त्या सोमवारी परत निघण्याआधी मी तिच्या घरी टेकलो होतो. म्हाताऱ्याने कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"आणि तो साहेब?" त्याने मुलीला विचारलं.

"गैरहजर, बाबा. तीन वेळा."

म्हातारा पहिल्यांदा हसला. "खोडू नकोस."