वाळूवरची रेघ

बाबांनी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सल्ले द्यायला सगळेच पुढे आले. कुणी म्हणालं एसटीडी बूथ टाका, कुणी म्हणालं झेरॉक्सचं मशीन घ्या. बाबांनी बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत समुद्र आणायचं ठरवलं.

आई वर्ध्याकडची. तिनं समुद्र पाहिलाच नव्हता. बाबांनीही एकदाच, कंपनीच्या सहलीत, पण तेवढ्या भांडवलावर ते खलाशासारखे बोलायचे. मी नुकताच हिंजवडीत नोकरीला लागलो होतो, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. गोड्या पाण्यातले मासे ठेवा, स्वस्तात होईल, असं मी सुचवलं. "मग तो समुद्र कसला," ते म्हणाले. जुन्या बाजारातून काचेची टाकी आली, शिलाई मशीनचं टेबल तिच्याखाली गेलं, आणि समुद्राच्या पाण्यासाठीचं खास मीठ पिशवीतून आलं. "मीठच हवं तर माझा डबा आहे की," आई म्हणाली.

शेजारच्या सोसायटीतला एक सॉफ्टवेअरवाला अमेरिकेला निघाला होता, त्यानं आपल्या टाकीतला दगड देऊन टाकला. ओल्या पोत्यात गुंडाळून बाबांनी तो स्कूटरवरून आणला. त्या दगडात बारीक जीव राहतात आणि तेच पाणी स्वच्छ ठेवतात, म्हणून मासे लगेच सोडायचे नसतात. "पाणी मुरू दे," बाबा लोणच्याबद्दल बोलावं तसं म्हणायचे. वरच्या मजल्यावरचे काका जाता-येता डोकावत. "अहो, नुसतं पाणीच बघायचं तर गच्चीवर टाकी आहे आपली."

पाणी मुरायच्या आत बाबा गेले. सकाळी, टाकीसमोरच्या खुर्चीत, हातात चहाचा कप असताना.

आमच्याकडे माणूस गेलं की जिथं त्याला ठेवलेलं असतं त्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात, पिठावर टोपली झाकतात. दुसऱ्या दिवशी टोपली उचलायची. पिठावर ज्याचं पाऊल दिसेल, त्याच्या जन्माला माणूस गेलं. मावशीनं टोपली उचलली. पीठ होतं तसं होतं, मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आई मात्र वर, टाकीकडे बघत होती. तळाच्या पांढऱ्या वाळूवर, दगडापासून काचेपर्यंत, एक नागमोडी रेघ उमटली होती.

"आले," आई म्हणाली.

दगडाच्या भोकात किडा होता. दिवसा लपायचा, रात्री वाळूवर फिरायचा. हे बाबांनीच मला सांगितलं होतं. रोज उठल्यावर ते फूटपट्टीनं वाळू सारखी करायचे, म्हणून ती रेघ आईला कधी दिसली नव्हती. तेरावं झाल्यावर मी तिला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"रात्रीचाच ना?" ती म्हणाली. "जन्मभर रात्रपाळीच केली त्यांनी."

त्यानंतर मला माझ्याच घराची भीती वाटायला लागली. कामावरून आलो की दारातूनच आईचा बारीक आवाज ऐकू यायचा आणि मी आत शिरलो की थांबायचा. कुणाशी बोलत होतीस, विचारलं तर म्हणायची, "कुणाशी बोलणार?" टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालत राहावं लागतं. ते ती न चुकता घालायची. वाळूला फूटपट्टी मात्र तिनं कधी लावू दिली नाही.

एका रविवारी मी दोन मासे घेऊन आलो. दुकानदारानं बजावलं होतं, आधी तो किडा काढा. लांब चिमटा घेऊन मी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"त्याला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

ही शपथ आपल्याकडे ऊठसूट घालतात, जेवत नाही म्हणूनसुद्धा. पण त्या दिवशी ती मला खरी वाटली. मी हात बाहेर काढला आणि मासे परत करून आलो. पुढे तिला खरा समुद्र दाखवायला नेतो म्हटलं, तर म्हणाली, "घरात आहे की."

मग लग्न झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात नवा फ्लॅट घेतला. रिक्षातून तिथं जाताना तो दगड बादलीत होता आणि बादली आईच्या मांडीवर. पहिल्या सकाळी वाळूवर रेघ दिसली तेव्हा मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

टाकीत मासा कधीच आला नाही. पाहुणे विचारायचे, यात आहे काय? किडा आहे, मी सांगायचो. आई तांब्यानं वरून गोडं पाणी घालायची.

त्याला मी कधीही हात लावला नाही. शपथ पाळली, तरी शेवटी आईचं मेलेलं तोंड मला बघावं लागलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये सगळे टोपलीभोवती जमले होते. "अहो, येताय ना?" बायकोनं हाक मारली. मी टाकीपाशी होतो. वाकून, काचेला कपाळ टेकवून बघत होतो. वाळूवर एकच रेघ होती, नेहमीसारखी दगडापासून काचेपर्यंत. ही बाबांची, मी मनात म्हणालो, आणि दुसरी शोधत तिथंच थांबलो.